तुळस २२ तास ऑक्सिजन देत नाही

"तुळस दिवसाचे २२ तास ऑक्सिजन देते, ओझोनही सोडते. स्नेक प्लांट तर रात्रभर ऑक्सिजन देतं. दमेकऱ्याच्या उशाशी दोन कुंड्या ठेवा, मशीन लागणार नाही. बाकीची झाडं रात्री विषारी वायू सोडतात, ती खोलीबाहेर काढा." हा मेसेज गोव्यात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय आणि फोंड्यात आमच्या मावशींच्या उशाशी खरोखरच दोन कुंड्या आल्या आहेत. मावशींना कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन गोळा करून देणारं मशीन, लागतो. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी हिशेब. स्वस्थ पडलेल्या माणसालाही मिनिटाला सुमारे २५० मिलीलिटर ऑक्सिजन लागतो. भरल्या तुळशीची सगळी पानं मिळून ०.१ चौरस मीटर धरा. चांगल्या उन्हात चौरस मीटरभर पानांतून सेकंदाला साधारण १० मायक्रोमोल (रेणू मोजायचं एकक) ऑक्सिजन सुटतो, म्हणजे आपल्या तुळशीचा तासाला ९० मिलीलिटरच्या आसपास. माणूस तो २२ सेकंदांत संपवतो! हेही अंगणातल्या वृंदावनात, भर उन्हात. पडदे ओढलेल्या खोलीत त्याचा किरकोळ अंश, आणि रात्री शून्य. ऑक्सिमीटर ९०च्या खाली गेलेला असताना कुंडीच्या भरवशावर थांबणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. मशीन डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या लिटरवरच चालू ठेवा. पावसाळ्यात लाईट जाते, तेव्हासाठी भरलेला सिलिंडर जवळ हवा.

रात्री शून्य का? झाडं कार्बन डायऑक्साइड फोडून ऑक्सिजन देतात, असा आपला समज असतो. ऑक्सिजन येतो पाण्यातून. १९४१ साली रूबेन आणि केमेन यांनी क्लोरेला शेवाळाला जड ऑक्सिजन (वजनावरून वेगळा ओळखता येणारा ऑक्सिजन) असलेलं पाणी दिलं, तेव्हा बाहेर पडलेल्या वायूत पाण्यातलाच ऑक्सिजन सापडला. हरितलवकात, म्हणजे पानाच्या पेशीतल्या हिरव्या कणात, चार मँगनीज आणि एक कॅल्शियम यांच्या गुच्छावर पाण्याचे दोन रेणू फुटतात, तेव्हा ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. त्याला किमान ८ प्रकाशकण लागतात. अंधारात ते आणायचे कुठून? तळ्यातली हायड्रिलाची फांदी पाण्याच्या ग्लासात टाका, चिमूटभर खायचा सोडा घाला आणि उन्हात ठेवा. कापलेल्या देठातून बुडबुड्यांची माळ लागते. ग्लासावर काळं फडकं टाकलं की थोड्या वेळात ती थांबते.

स्नेक प्लांटच्या बाबतीत अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. स्नेक प्लांट, अननस, पानफुटी यांची पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत, पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, साठतो. दिवसा रंध्रं मिटून त्याच साठ्यातून साखर बनते. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारनंतर बेचव लागतं, हे बेंजामिन हाइन यांनी भारतातच टिपलं होतं. १८१५ साली ते छापून आलं. पण रात्री आत येतो तो कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजन सुटायला इथेही उजेडच लागतो. आणि तुळस तर या गटातली नाहीच.

ओझोन तुळस सोडत नाही. सोडला असता तर दमेकऱ्याची श्वासनलिका उलट आवळली असती.

राहिला रात्रीचा "विषारी वायू". झाडाची प्रत्येक जिवंत पेशी, तुळशीचीही, तंतुकणिकांमध्ये (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांत) साखर जाळून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवते, रात्रंदिवस. त्यातून एका कुंडीचा कार्बन डायऑक्साइड रात्री तासाला १० मिलीलिटरच्या आसपास निघतो, तर झोपलेल्या माणसाचा दहाएक लिटर. खिडकी उघडायची ती माणसासाठी.

दमेकऱ्याला कुंडीतलं खरं काही बाधत असेल तर ती ओली माती. पावसाळ्यात बंद खोलीत तिच्यावर बुरशी धरते आणि त्या बुरशीच्या कणांनी दमा उसळू शकतो. तेवढ्यासाठी कुंड्या पडवीत हलवा.