हॉइलची कार्बन लेव्हल: ग्रुपवर फिरणाऱ्या फॉरवर्डमधलं चुकीचं काय

सध्या सोलापुरात बारावी सायन्सच्या पोरांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, जुळे सोलापूरच्या क्लासपासून थेट आमच्या सोसायटीपर्यंत आलाय. म्हणे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलने "माणूस आहे म्हणजे कार्बनमधे ही लेव्हल (न्यूक्लियसच्या ऊर्जेची ठरावीक पायरी) असणारच" एवढ्यावर आकडा सांगितला, ती लेव्हल केसभर सरकली असती तर कार्बन बनलाच नसता, आणि कार्बनचं न्यूक्लियस म्हणजे चिकटलेले तीन अल्फा कण (हेलियमचे न्यूक्लियस, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन), यापुढे सायन्सला काही कळलेलं नाही. पोरं विचारतायत "सर, खरंय का ओ?", म्हणून सविस्तर लिहितोय.

हॉइलचं आधी. 1953 मधे त्याच्या डोक्यात माणूस नव्हता, ताऱ्यांचा हिशोब होता. दोन अल्फा जुळून बेरिलियम-8 बनतं पण ते 10⁻¹⁶ सेकंदाच्या आतच फुटतं, तेवढ्यात तिसरा अल्फा येऊन धडकला तरच कार्बन, आणि बनलेला कार्बन अजून एक अल्फा गिळून ऑक्सिजन होत जातो. मग कार्बन शिल्लक राहायचा तर तो बनायचा वेग खूप वाढायला पाहिजे, आणि योग्य ऊर्जेला लेव्हल असली तरच तो वाढतो, म्हणून साधारण 7.68 एमईव्हीला (हे ऊर्जेचं एकक) लेव्हल लागते असा त्याचा हिशोब. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत वॉर्ड व्हेलिंगच्या टीमने नायट्रोजनवर ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉनची जोडी) मारून ती शोधली आणि सापडली. माणसाच्या अस्तित्वाचा संबंध लोकांनी नंतर जोडला.

केसभर सरकण्याचं म्हणाल तर लेव्हल 7.65 ला आहे, तीन अल्फांचा उंबरठा (ज्या ऊर्जेपासून कार्बन तीन अल्फांत फुटू शकतो) 7.27 ला, म्हणजे मधे सुमारे 380 केईव्ही (हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही). 1989 मधे लिव्हिओ आणि सहकाऱ्यांनी ताऱ्यांच्या मॉडेलमधे ती 60 केईव्ही वर सरकवून बघितली, कार्बनवर फार फरक पडला नाही. पण हेही सांगायलाच पाहिजे की मूळ न्यूक्लिअर फोर्स अर्धा टक्का बदलला तर कार्बन-ऑक्सिजनचा तोल बराच बिघडतो असं 2000 मधल्या गणितात आलंय, त्यामुळे प्रश्न खरा आहे, फॉरवर्डने तो फुगवलाय.

आता "चिकटलेले तीन अल्फा". हे मला सगळ्यात जास्त खटकलं कारण खरी मजा इथेच आहे. अल्फा फार घट्ट असतो, बंधनऊर्जा 28.3 एमईव्ही आणि पहिली उत्तेजित लेव्हल थेट 20 च्या वर, म्हणून तो न्यूक्लियसमधे एक युनिट म्हणून टिकू शकतो. पण कार्बनच्या ग्राउंड स्टेटमधे (सगळ्यात कमी ऊर्जेच्या स्थितीत) अल्फा इतके जवळ येतात की पाउलीच्या नियमामुळे (दोन सारखे कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) त्यांची वेगळी ओळख बरीचशी विरघळते. हॉइल स्टेट, म्हणजे वरची 7.65 ची लेव्हल, मात्र फुगलेली, सैल. मोरिनागाने 1956 मधे म्हटलं की तिन्ही अल्फा एका सरळ रेषेत असतील, ते टिकलं नाही. 1968 मधे इकेदाने दाखवलं की न्यूक्लियस फुटायच्या उंबरठ्याजवळच असे क्लस्टर (अल्फांसारखे गट) उठून दिसतात. 2001 च्या मॉडेलमधे तिन्ही अल्फा एकाच सगळ्यात खालच्या स्थितीत, जवळजवळ गॅससारखे. आणि 2011 मधे एपेलबाउम, माइसनर वगैरेंनी सुपरकॉम्प्युटरमधे जागेची चौकटींची जाळी करून तिच्यावर फक्त प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि त्यांच्यातले फोर्स घातले, अल्फा घातलाच नाही, तरी हॉइल स्टेट आपोआप निघाली. मग काही कळलं नाही कसं म्हणता?

मोजणीही चालूच आहे. दर 10,000 हॉइल स्टेटपैकी सुमारे 4 च खाली उतरून पक्का कार्बन होतात, बाकीच्या परत तीन अल्फांत फुटतात. 2020 मधे एका ग्रुपला हा आकडा 6 च्या आसपास मिळाला होता, नंतरच्या मोजण्या पुन्हा 4 च्या जवळ आल्यात.