ड्रायव्हर लिहायला बसलात की आधी लायसन्स बघा

‘लिनक्सवर हेच वायफाय कार्ड पळतं, मग फ्रीबीएसडीवर का रखडतं?’ हा प्रश्न आला की ठरलेलं उत्तर मिळतं: माणसं कमी आहेत. माणसं कमी आहेतच. पण माझ्या मते लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी यांसारख्या एका फ्री (खुल्या कोडच्या) ऑपरेटिंग सिस्टमचा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, दुसरीकडे जाणार की नाही, हे बहुतेक वेळा कोडच्या फाइलवर लायसन्स लिहिलेल्या वरच्या दहा ओळींतच ठरलेलं असतं.

लिनक्सच्या आय९१५ आणि एएमडीजीपीयू या ग्राफिक्स ड्रायव्हरचा बहुतांश कोड एमआयटी लायसन्सखाली आहे, म्हणजे सूचना ठेवली की कुणीही कुठेही वापरावा असा. म्हणून फ्रीबीएसडीवाले तो जवळपास जसाच्या तसा घेतात आणि खाली लिनक्सकेपीआय हा थर घालतात. फंक्शनची नावं लिनक्सची, आतलं काम फ्रीबीएसडीच्या कर्नलचं, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याचं. ओपनबीएसडीनेही तोच कोड घेतलाय, फक्त खालचा थर त्यांचा स्वतःचा आहे. एवढा अवाढव्य कोड मूठभर स्वयंसेवकांनी नव्याने लिहिणं शक्यच नाही, त्यामुळे ग्राफिक्सला हाच मार्ग.

वायफायचं गणित वेगळं. इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर बीएसडी (एमआयटीसारखंच मोकळं) आणि जीपीएल (पुढे वाटलेला बदललेला कोडही त्याच लायसन्सखाली द्यायला लावणारं) अशा दुहेरी लायसन्सचा आहे, पण तो ज्याच्यावर उभा आहे तो लिनक्सचा मॅक८०२११ हा वायफाय थर फक्त जीपीएलचा. तो फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये घेता येत नाही, म्हणून तेवढाच इंटरफेस फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या नेट८०२११ या वायफाय थरावर पुन्हा लिहावा लागला. २०२२ मध्ये फ्रीबीएसडी १३.१ बरोबर ड्रायव्हर आला, पण जुन्या ५४ एमबीपीएसच्या मोडमध्ये अडकलेला. एन आणि एसी हे वेगवान मोड थेट २०२५ च्या १४.३ मध्ये आले.

रियलटेकचा आरटीडब्ल्यू८८ हा वायफाय ड्रायव्हर याच वाटेने आला. ४ जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर तो अडखळायचा, कारण पॅकेटचे बफर ३२ बिटांच्या पलीकडच्या पत्त्यावर जायचे. उपाय म्हणून लोडर.कॉन्फ या बूटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिनक्सकेपीआयची ‘एसकेबी मेम लिमिट’ १ करावी लागे. थर घातला की असं काहीतरी मागे लागतंच. ग्राफिक्सचं मॉड्यूलसुद्धा (कर्नलमध्ये लोड होणारा ड्रायव्हर) आधीच्या पॉइंट रिलीजवर, समजा १४.२ ऐवजी १४.१ वर, बिल्ड झालेलं असेल, तर अपग्रेडनंतर ‘व्हर्जन मिसमॅच’ म्हणून लोडच होत नाही. १४.२ पासून कर्नल मॉड्यूलची वेगळी पॅकेज रिपॉझिटरी दिलीय ती याचसाठी.

म्हणून नेटवर्क कार्डांना मला ओपनबीएसडीची रीत जास्त पटते. त्यांचे आयडब्ल्यूएम आणि आयडब्ल्यूएक्स हे वायफाय ड्रायव्हर इंटेलच्या बीएसडी भागाच्या आधाराने, पण त्यांच्या स्वतःच्या वायफाय थरावर लिहिलेले आहेत. लहान, वाचता येण्याजोगे. हायकू या आणखी एका फ्री ऑपरेटिंग सिस्टमने २०२२ च्या बीटा ४ मध्ये हेच दोन्ही घेतले.

उलट दिशेचा, म्हणजे बीएसडीकडून लिनक्सकडे जाणारा प्रवास मात्र एकेरी ठरू शकतो. अथेरॉसच्या वायफाय चिपसाठी रेइक फ्लोटर यांनी ओपनबीएसडीत केलेल्या कामावर लिनक्सचा एटीएच५के ड्रायव्हर उभा राहिला. २००७ मध्ये त्या फायलींवरची मूळ परवानगीची सूचना काढून फक्त जीपीएल लावणारा पॅच (कोडमधला बदल) आला आणि जोरदार भांडण झालं. सूचना पुढे राहिली. पण नंतरच्या दुरुस्त्या फक्त जीपीएलखाली झाल्या, तर मूळ लेखकालाच त्या परत घेता येत नाहीत. हे कायद्यात बसतं, पण शहाणपणाचं नाही. नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने पहिल्याच कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या पहिल्या नोंदीतच, ‘जीपीएल-२.० किंवा बीएसडी’ अशी एसपीडीएक्स ओळ (लायसन्स सांगणारी ठरावीक ओळ) टाकावी. वर्षभराने बदलायचं म्हटलं तर पॅच दिलेल्या प्रत्येकाची संमती लागते, आणि त्यातले निम्मे मेलला उत्तर देत नाहीत.

कोड न लिहिणाऱ्यांनाही काम आहे. ‘वायफाय चालत नाही’ एवढाच रिपोर्ट कुणाच्या उपयोगाचा नाही. लिनक्सवर एलएसपीसीआय -एनएनव्ही, फ्रीबीएसडीवर पीसीआयकॉन्फ -एलव्ही ही कार्डांची यादी देणारी कमांड चालवा, व्हेंडर आणि डिव्हाइसचे क्रमांक सबव्हेंडरसकट द्या. व्हर्बोज (सविस्तर) बूटचा डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, पूर्ण जोडा, मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो नको. त्यात फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) फाइल सापडली नाही असं दिसलं, तर ड्रायव्हरला दोष देण्याआधी फ्रीबीएसडी १४ वर एफडब्ल्यूगेट, ओपनबीएसडीवर एफडब्ल्यू_अपडेट ही फर्मवेअर आणणारी कमांड चालवून बघा. एचडब्ल्यू-प्रोब हे हार्डवेअरची माहिती गोळा करून अपलोड करणारं साधन बीएसडी आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, त्याने अपलोड केलंत तर नोंद राहते.

आणि डब्यावरच्या नावावर जाऊ नका. रियलटेकच्या गिगाबिट चिपच्या कितीतरी आवृत्त्या १०ईसी:८१६८ या एकाच क्रमांकाखाली विकल्या गेल्यात. ड्रायव्हर आतलं रजिस्टर वाचून त्या ओळखतो. त्यामुळे ड्रायव्हरमधल्या टेबलात आयडीची एक ओळ वाढवून नवी चिप चालेलच असं नाही, आणि डीमेसेजमधली चिप रिव्हिजनची ओळ रिपोर्टमध्ये नसेल तर समोरचा पहिल्यांदा तीच मागणार.