टॉर्चला कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत?

कुकीज (वेबसाइट ब्राउझरमधी ठेवतात त्या खुणा) साफ करा, इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरचा खासगी मोड वापरा, म्हणजे ट्रॅकिंग, आपण नेटवर काय करतो त्याच्यावरची नजर, थांबतं असं एका लेखात वाचलं, ते अर्धंच खरं आहे. इन्कॉग्निटोत फक्त आपल्या फोनमधी हिस्ट्री राहत नाही, वेबसाइटला अन् नेटवाल्या कंपनीला कळायचं ते कळतंच. अन् आमच्या परभणीकडं ब्राउझर वापरतंय कोण, सगळा कारभार ॲपवर. परवा काकांचा फोन बघितला, सोयाबीनचा भाव बघायचं एक ॲप कुणीतरी टाकून दिलेलं, त्याला कॉन्टॅक्ट, माइक, लोकेशन सगळ्याची परवानगी चालू, अन् टॉर्चच्या ॲपलासुद्धा कॉन्टॅक्ट! काका म्हणले, "अलाऊ केल्याबिगर पुढंच जाईना, मग दाबत गेलो." तिथंच ओट्यावर बसून एकेक बंद केलं, लोकेशन फक्त ॲप वापरताना एवढंच ठेवलं, अन् सेटिंगमधी जाहिरातीचा आयडी असतो तो डिलीट मारला, त्याच्यावरून वेगवेगळ्या ॲपमधलं आपलं वागणं एका जागी जोडतात. भाव तरीबी दिसायलाय, काही अडलं नाही.

सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ ला प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात आपली माहिती वापरायची संमती मोकळेपणानं अन् समजून दिलेली पाहिजे असं लिहिलंय. दाबल्याबिगर ॲप उघडतच नसेल तर ती कसली मोकळी संमती? संमती मागताना ते मराठीत वाचायची सोय पाहिजे हेबी त्याच कायद्यात आहे, काकांच्या फोनवर मात्र सगळं इंग्रजीत होतं.