मोजा आणि सोडा

आमच्या घरात मासा मोजायचं एकच माप होतं, तुकड्या किती पडतील. त्यामुळे इंग्लंडात डॉर्सेटमधल्या आमच्या शेजाऱ्याने, म्हणजे निवृत्त पोस्टमन आजोबांनी, "आमच्या क्लबची किनाऱ्यावरून मासे धरायची मॅच आहे, येतोस?" असं विचारलं, तेव्हा मालवणात वाढलेल्या मी नाही म्हणणं म्हणजे कुळाला बट्टा होता. लगेच आईला फोन केला. ती म्हणाली, "डोकी टाकू नको हां, डोक्यांचा सार करूक येता." आजोबांनी मला एक गोष्ट सांगितली नव्हती. ती पुढे येईलच.

मॅच चेसिल बीचवर होती. बीच म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तारकर्ली आली. चेसिल म्हणजे २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा बांध. वेस्ट बेच्या टोकाला हे गोटे वाटाण्याएवढे असतात आणि पोर्टलंडच्या टोकाला बटाट्याएवढे. पूर्वीचे कोळी म्हणे अंधारात किनाऱ्याला लागले की मूठभर गोटे चाचपून आपण कुठे आलो ते सांगायचे. मला ते नुसत्या पायांनी कळलं. दोन पावलं पुढे टाकली की एक मागे घसरतं, म्हणजे अजून चेसिलच. त्यात खांद्यावर १२ फुटी रॉड, पाठीवर पेटी, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात रॉड टेकवायची तिपाई. लग्नाच्या वरातीत गॅसबत्ती घेऊन चालणाऱ्याला माझ्यापेक्षा सुख असेल.

मग पिशवीत हात घालून चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठीत निघालेल्या नंबरापाशीच उभं राहायचं. त्या जागेला हे लोक 'पेग' म्हणतात. पेग म्हणजे खुंटी, हा शब्द बरोबर आहे. पुढचे चार तास माणसं गुरांसारखी आपापल्या खुंटीला बांधलेली असतात. टोकाची खुंटी मिळाली तर नशीब, कारण तिथे एका बाजूला शेजारी नसतो. मला मधली मिळाली. नोव्हेंबर होता, साडेचारलाच अंधार पडलेला. पाच वाजता शिट्टी झाली.

आता आमिष. वर्तमानपत्रात भज्यांसारखी गुंडाळून आणलेली लगवर्म, म्हणजे वाळूतली गांडुळं. ती ठीक होती. पण दुसऱ्या पुडक्यात माकूल, म्हणजे स्क्विड, निघालं आणि तिसऱ्यात बांगडा. अगदी आपलाच नव्हे, त्याचा गोरा चुलतभाऊ, पण बांगडाच! आजोबांनी त्याच्या लांब चिंध्या कापल्या, गळात ओवल्या आणि वरून बारीक इलॅस्टिकचा दोरा राखीसारखा गुंडाळला. ज्या माशाला तिरफळं घालायची, त्याला दोरा गुंडाळताना बघून माझा जीव कळवळला. बांगडा घालून मासे धरायचे, म्हणजे पुरणपोळी टाकून मुंग्या गोळा करायच्या.

फेकणं हा वेगळाच प्रकार. दोरीच्या टोकाला ६ औंसांचं, म्हणजे १७० ग्रॅमचं शिसं असतं. त्याला चार तारांचे पंजे असतात, ते तळात रुततात. मुख्य दोरीच्या पुढे जाड दोरीचा तुकडा बांधतात. हिशोब असा की शिशाच्या प्रत्येक औंसामागे १० पाउंड ताकद, म्हणजे मला ६० पाउंडांची दोरी. "ती कशाला?" असं मी विचारलं. आजोबा शांतपणे म्हणाले, "फेकताना दोरी तुटली तर शिसं गोळीसारखं सुटतं. शेजाऱ्याला लागायला नको." हे ऐकल्यावर मी इतक्या सावधपणे फेकलं की शिसं माझ्यापासून दहा पावलांवर डुबकन पडलं. मला वाटलं, आता हसतील. पण चेसिलचा उतार असा खडा आहे की पायाशीच खोल पाणी असतं. आजोबा म्हणाले, "वा, मासे जवळच असतात!" माझ्या भित्रेपणाला तिथे डावपेच समजलं गेलं.

त्यानंतर काही नाही. खरोखर काहीच नाही. रॉडच्या टोकाला एक छोटी हिरवी दिवटी लावलेली असते, तिच्याकडे बघत बसायचं. ती हलली तर मासा, नाहीतर वारा. चार तासांत वारा पुष्कळ लागला. तीनदा दोरी ओढून पाहिली, तर गळ धुतल्यासारखे स्वच्छ. कुर्ल्या खाऊन गेल्या, असं आजोबांचं निदान. म्हणजे त्या रात्री चेसिलवर बांगड्याची खरी कदर फक्त कुर्ल्यांना होती. माझी बोटं गारठून अशी झाली होती की थर्मासचं झाकण दातांनी उघडलं.

आठच्या सुमाराला दिवटी वाकली. नुसती थरथरली नाही, वाकली! मी रॉड उचलला, गोट्यांत एकदा बसलो, पुन्हा उठलो आणि गुंडाळत गुंडाळत जे वर आणलं ते बघून माझा आनंद गगनात मावेना. मोरी, म्हणजे छोटा शार्क! तपकिरी ठिपक्यांची, खरबरीत अंगाची, माझ्या मनगटाला वेटोळं घालू पाहणारी. इंग्रज तिला डॉगफिश म्हणतात, म्हणोत. मला डोळ्यांपुढे दिसलं ते मोरीचं मटण, भाजलेलं खोबरं आणि वड्यांची चळत.

शेजारच्या खुंटीवरचा गृहस्थ पट्टी घेऊन धावत आला. स्वतः मोजून चालत नाही, साक्षीदार लागतो. "५८ सेंटिमीटर!" त्याने माझ्या कार्डावर सही केली, अभिनंदन केलं आणि म्हणाला, "चल, आता सोड तिला."

"कुठे?"

"पाण्यात."

हीच ती न सांगितलेली गोष्ट. गुण लांबीला मिळतात, मासा जिवंत परत जातो. मी आजोबांकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. पाण्याच्या कडेला जाऊन मी मोरी सोडली. तीही जरा थबकली. मला वाटतं, एका मालवणी माणसाकडून ही वागणूक तिलाही अपेक्षित नसावी.

नऊला शिट्टी. माझा नंबर खालून तिसरा. पण शेवटी क्लबची सोडत होती आणि तीत मला बक्षीस लागलं: गोठवलेल्या बांगड्यांचं पाकीट. "पुढच्या मॅचचं आमिष झालं," आजोबा खूश होऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. सगळं ऐकून ती काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "मोरी गावली आणि सोडून दिलंस? तुझ्या आज्याक कळला असता तर तेणी तुकाच दर्यात सोडून दिल्यान असता." फोन ठेवता ठेवता तिने बांगड्याच्या तिखल्याचं वाटप पुन्हा एकदा सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी.

पंधरवड्याने आजोबा कुंपणापाशी भेटले. "पुढच्या रविवारी मॅच आहे. ते आमिष फ्रीजरमध्ये नीट आहे ना?"

"आहे ना," मी म्हणालो, आणि बोटांना अजून तिरफळांचा वास येत होता म्हणून हात खिशात घातले.