‘गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला मेडिकलच्या काउंटरवरून उत्तर

दसरा झाल्यापासून आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : मुंबईच्या आयआयटीनं माणसाच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना ‘ट्रेनिंग’ देऊन परत अंगात सोडायची थेरपी काढली आहे. तिनं एचआयव्ही, बी कावीळ, डेंग्यू, रेबीज, कुठलाही व्हायरस एका डोसात मरतो. म्हणून रोजच्या गोळ्या बंद करा. कुत्रं चावलं तर अँटिबॉडीचं (विषाणूला धरणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांचं) एकच इंजेक्शन घ्या, बाकीच्या सुया कंपन्यांच्या धंद्यासाठी आहेत. घोड्याच्या रक्ताचं सिरम मात्र विष आहे. खाली हात जोडलेले चार इमोजी आणि ‘दहा जणांना पाठवा’.

माझं बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देतो. पण परवा संध्याकाळी एक जण गर्दी हटेपर्यंत पानटपरीजवळ थांबला, मग आत येऊन मोबाईल पुढं केला. पाठवणाऱ्याच्या नावावर अंगठा दाबून धरलेला. “बप्पा, हे खरंय का? सोडू का मग गोळ्या?” कशाच्या गोळ्या ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

म्हणून आधी गोळ्यांचंच घेतो.

आयआयटीचं नाव मेसेजवाल्यानं हवेतून काढलेलं नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून ‘नेक्सकार१९’ ही कार-टी थेरपी उभी राहिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला भारतात मंजुरी मिळाली. पण ती रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांवर आहे, तीही आधीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी. खर्च काही लाखांत. रोग्याच्या टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) काढून त्यांच्यात नवा जनुक घालतात, म्हणजे त्या सीडी१९ नावाची खूण अंगावर असलेली पेशी ओळखून मारतात. ही खूण कर्करोगाच्या बी-पेशींवर (याही पांढऱ्या पेशीच) असते तशी धडधाकट बी-पेशींवरही असते. त्याही मरतात. शरीर त्यांच्यावाचून तग धरू शकतं, म्हणून हा सौदा परवडतो.

विषाणूच्या बाबतीत घोडं इथंच पेंड खातं. एचआयव्ही आपली जनुकं काही पेशींच्या डीएनएत शिवून टाकतो आणि गप्प पडून राहतो. गप्प असलेल्या पेशीवर बाहेरून कसलीच खूण नसते. शिपाई कितीही तयार केला तरी त्यानं धरायचं कोणाला? आणि हे कोणी करून पाहिलं नाही असंही नाही. अशा बदललेल्या टी-पेशी माणसांना देण्याच्या अगदी सुरुवातीच्या चाचण्या १९९० च्या दशकात एचआयव्हीवरच झाल्या. त्या पेशी दहा वर्षांहून जास्त काळ लोकांच्या अंगात टिकल्या. विषाणूही टिकला.

मेसेजखाली कोणीतरी लिहिलंय, ‘पण जर्मनीत एक जण बरा झाला ना!’ झाला. टिमोथी रे ब्राउन. त्याला एचआयव्हीबरोबर रक्ताचा कर्करोगही होता, म्हणून २००७ मध्ये बर्लिनमध्ये त्याचं अस्थिमज्जा रोपण झालं. डॉक्टरांनी मुद्दाम असा दाता शोधला, ज्याच्या पेशींवर एचआयव्हीला आत शिरायचं सीसीआर५ हे दारच जन्मतः नव्हतं. कर्करोग उलटला म्हणून रोपण दुसऱ्यांदा करावं लागलं. एचआयव्ही गेला तो कायमचा, पण २०२० मध्ये त्याच कर्करोगानं तो वारला. रोपणात माणूस दगावण्याचा धोका इतका की नुसत्या एचआयव्हीसाठी कोणी ते करत नाही. आणि ही कार-टी नव्हे.

एचआयव्हीची गोळी थांबवली की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांत परत वर येतो. मधेच सोडून, मधेच धरून घेतली तर तो त्याच औषधाला निर्ढावतो. उलट रोज घेतली आणि तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. सरकारी केंद्रांवर हे औषध १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळायला लागलं. कंपन्यांनी लपवलेल्या इलाजाच्या गोष्टीत फुकटची गोळी कुठं बसते, ते मेसेजवाल्यानं सांगावं.

बी काविळीचं थोडक्यात. तो विषाणू यकृताच्या पेशीत दबा धरून असतो. लागण झालेली प्रत्येक पेशी मारायला फौज सोडली तर यकृतच शिल्लक राहायचं नाही. रोगापेक्षा औषध भयंकर. अँटिबॉडीचा खरा उपयोग इथं वेगळ्याच जागी होतो : आईला बी कावीळ असेल तर बाळाला जन्मल्यापासून १२ तासांच्या आत अँटिबॉडीचं इंजेक्शन आणि लस, दोन्ही देतात. दोन्ही, हे लक्षात ठेवा, पुढं कुत्र्याच्या वेळी लागणार आहे.

डेंग्यूत तर एका प्रकारच्या विषाणूवर तयार झालेल्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला पेशीत शिरायला मदतही करू शकतात. अँटिबॉडी म्हटलं की भलंच होणार, हे गृहीतच चूक.

‘कुठलाही व्हायरस’ या शब्दांवर आपल्याकडं तरी कोणी विश्वास ठेवू नये. २०२० ची, कोविडातली प्लाझ्मासाठीची धावपळ विसरलात का? बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीच त्या. आयसीएमआरनं ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर तपासून पाहिलं, मृत्यू काही कमी झाले नाहीत. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून निघाला. त्याच महिन्यात दोन अँटिबॉडींचं कॉकटेल भारतात आलं, एका रुग्णाचा डोस ५९,७५० रुपयांना. आजाराच्या सुरुवातीला दिलं तर त्याचा गुण यायचा. मग ओमिक्रॉन या कोविडच्या नव्या अवतारानं चेहरा बदलला आणि कॉकटेल निकामी झालं. कुलूप बदललं, किल्ली खिशात राहिली.

आता कुत्र्याचं. इथं मेसेज खरोखर जीव घेऊ शकतो.

मागच्या आठवड्यात ऊसतोड टोळीतला एक पोरगा आला, वय अठरा-एकोणीस. पोटरीला दोन दात खोल रुतलेले, वर घरच्यांनी चुना आणि मिरचीपूड दाबलेली. मेसेज त्यानंही वाचला होता. म्हणाला, ते एकच इंजेक्शन द्या. मी त्याला आधी दुकानामागच्या नळावर बसवलं, कपड्याच्या साबणानं जखम धुवायला लावली, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. ओरडत होता, पण धुतली. रेबीजचा विषाणू आधी जखमेत असतो, तिथून मज्जातंतूत शिरतो आणि मेंदूकडं चढतो. साबण त्याला जागेवरच मारतो. मिरची कोणालाच मारत नाही, आग तेवढी करते.

लस घेतल्यावर शरीराला स्वतःच्या अँटिबॉडी तयार करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस राखण कोणाची? म्हणून रक्त आलेल्या चाव्यात तयार अँटिबॉडी, म्हणजे सिरम, जखमेतच आणि तिच्या भोवती टोचतात. घोड्याचं सिरम वजनाच्या किलोमागं ४० युनिट, म्हणजे साठ किलोच्या माणसाला २४०० युनिट. पण ही उसनी अँटिबॉडी आहे, दिवसागणिक विरत जाते. ती संपेपर्यंत लसीनं स्वतःची फौज उभी केली पाहिजे. नुसतं सिरम घेतलं तर पुढचे दिवस उघडे, नुसती लस घेतली तर पहिले. अपवाद एकच : आधी कधी लसीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर सिरम लागत नाही, लसीचे दोन डोस पुरतात.

घोड्याचं सिरम ‘विष’ म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं, की १८९० च्या दशकापासून ही विद्या माणसं वाचवतेय आणि वैद्यकाचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये तिलाच मिळालं. हां, काहींना त्रास होतो, अंगावर गांधी उठतात, क्वचित जास्तही. म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं, तिथं त्या त्रासावरचं औषध हाताशी असतं. आता घोडा नको असेल तर प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटिबॉडीही आहेत, पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूट या कंपनीची ‘रॅबिशिल्ड’ त्यातलीच. पण तिच्याबरोबरही लस घ्यावीच लागते.

गोळ्यांवाल्याला मी एवढंच सांगितलं की आज रात्रीची चुकवू नको, आणि केंद्रावरच्या डॉक्टरांना हा मेसेज दाखव. त्यानं माझ्यासमोरच तो डिलीट केला.

पोराला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं सिरम आणि लसीचा पहिला डोस झाला, कार्डावर पुढच्या तारखा पडल्या : तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी टोळी सांगलीकडच्या फडात असणार. तिथल्या सरकारी दवाखान्यात हेच कार्ड दाखवायचं, हे मी त्याच्या मुकादमालाही फोन करून सांगितलं. कार्ड मात्र भाकरीच्या फडक्यात नको, आधारकार्डाच्या पिशवीत ठेव म्हटलं.