अडीचची वायर आणि 70 मीटर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ईव्ही चार्जरसाठी 6 ची किंवा 10 ची केबल (आकडा तारेच्या जाडीचा, चौरस मिलिमीटरमध्ये) सांगणारा वायरमन तुम्हाला लुटतोय. 16 अँपिअरला तांब्याची अडीचची वायर पुरते, अंतराचा काही संबंध नाही. खात्री हवी तर दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावा, व्होल्ट सारखेच दिसतील. तरी कमी पडले तर स्टॅबिलायझर बसवा, आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत असेल तर 32 अँपिअरची टाका.

मी ठाण्यात वायरिंगची कामं करतो. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत अगदी असंच काम करून घेतलं होतं, ते दुरुस्त करायला मला बोलावलं. त्यामुळे यातला प्रत्येक मुद्दा मी हाताने तपासलेला आहे.

अडीचची वायर 16 अँपिअर वाहते, हे खरं. पण कंपनीच्या तक्त्यातले अँपिअर वायर किती तापेल एवढंच सांगतात. शेवटच्या टोकाला किती व्होल्ट उरतील, ते लांबीवर ठरतं. तापलेल्या अडीचच्या तांब्यात, जाण्यायेण्याच्या दोन्ही तारा धरून, दर मीटरला दर अँपिअरमागे 18 मिलिव्होल्ट पडतात. फ्लॅटमध्ये बोर्डापासून गीझर 12 मीटरवर असेल तर साडेतीन व्होल्ट गेले, काही बिघडत नाही. तिथे अडीच योग्यच. मीटर रूमपासून पार्किंग 70 मीटर असेल तर 18 गुणिले 16 गुणिले 70, म्हणजे 20 व्होल्ट. 230 चे जवळपास 9 टक्के. आपल्या आयएस 732 मानकात दिव्यांना 3 आणि बाकी वापराला 5 टक्क्यांची मर्यादा आहे.

आता मल्टिमीटरचा पुरावा. हा सर्वात जास्त पटतो, कारण आकडा डोळ्यांना दिसतो. त्या सोसायटीत एका काकांनी मला तसाच दाखवला: मीटर रूममध्ये 228, सॉकेटला 228. "बघा, एक व्होल्ट तरी कमी आहे का?" मी म्हटलं, काका, गाडी लावा. गाडीने करंट ओढायला सुरुवात केली, टाँग टेस्टरवर (तारेभोवती धरून करंट मोजायचं मीटर) 16 अँपिअर आले, आणि सॉकेटचे व्होल्ट 208 वर उतरले. मीटर रूममध्ये तेव्हाही 228 च. गाडी काढली, पुन्हा 228. व्होल्टची ही घट, म्हणजे ड्रॉप, करंटमुळे होतो; करंटच नसेल तर किलोमीटरभर वायर टाकली तरी मल्टिमीटर पूर्ण व्होल्ट दाखवेल. म्हणून मोजायचं ते लोड चालू ठेवूनच. ते 20 व्होल्ट वायरमध्ये उष्णता होऊन जातात: 320 वॅट. रोज 8 तास चार्जिंग धरलं तर महिन्याला 77 युनिट. वायर मीटरनंतरची, म्हणजे बिल काकांचंच.

स्टॅबिलायझरने हे भरून निघत नाही. तो गाडीला 230 देतो, पण त्यासाठी मागून जास्त करंट ओढतो, त्याच बारीक वायरमधून. आमच्या उदाहरणात 16 चे जवळपास 18 अँपिअर होतात, ड्रॉप आणखी वाढतो. आणि मग 16 ची एमसीबी उन्हाळ्यात तापून पडायला लागते. इथेच मेसेजमधला शेवटचा सल्ला उपयोगाला येतो, आणि मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते.

32 ची एमसीबी बसवली की अडीचच्या वायरला राखणदार उरत नाही. पाइपात इतर तारांबरोबर दाबलेली वायर 25-30 अँपिअरने तासन्‌तास तापत राहील आणि एमसीबी हलणार नाही. शॉर्ट झाला तरी भरवसा नाही. सी टाइपची एमसीबी रेटिंगच्या 10 पट करंटला नक्की तत्काळ पडते: 16 ची 160 ला, 32 ची 320 ला. पण 70 मीटर अडीचच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध 1 ओहमच्या वर; टोकाला फेज-न्यूट्रल शॉर्ट झाला तर थंड वायरीतही 220 च्या पुढे करंट जात नाही. 320 कुठून येणार? एमसीबी तापून पडेपर्यंत तेवढा वेळ ती वायर 220 अँपिअर सोसत राहते. खाली उभ्या असलेल्या गाड्या आणि वरची घरं डोळ्यांसमोर आणा.

मेसेजखाली कुणीतरी जोडलंय, फेज जाड घ्या, न्यूट्रल दीडचा चालतो. सिंगल फेजला जेवढा करंट फेजमधून जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. बारीक न्यूट्रलने ड्रॉप उलट वाढतो.

त्या सोसायटीत आम्ही तांब्याची 10 ची केबल ओढली. हिशेबाने 6 ची पुरली असती, 8 व्होल्टच पडले असते. पण काकांचा मुलगा पुढे 7 किलोवॅटचा चार्जर घेणार आहे, आणि 32 अँपिअरला 6 ची 16 व्होल्ट खाते. अॅल्युमिनियम स्वस्त पडतं, चालतंही. मात्र 10 च्या तांब्याच्या जागी 16 चं घ्यायचं आणि लग (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे जोड) योग्य दाबायचे. एमसीबी पुन्हा 16 ची लावली. गाडी चार्जिंगला असताना काकांनी स्वतः मल्टिमीटर धरला: मीटर रूम 228, सॉकेट 223.