आर्मर्ड कोअरचा खरा खेळ गॅरेजमध्ये

आर्मर्ड कोअर ६ या रोबोंच्या लढाईच्या व्हिडिओ गेमवर एक लेख वाचला. हा गेम म्हणजे 'रोबोंचा डार्क सोल्स' (अवघडपणासाठी गाजलेला, त्याच कंपनीचा गेम), हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. ही मालिका १९९७ची, डार्क सोल्स आला २०११ मध्ये. उलट डार्क सोल्सचे दिग्दर्शक मियाझाकी दिग्दर्शक झाले तेच मुळी आर्मर्ड कोअर ४ करताना!

खरी मजा गॅरेजमध्ये सुटे भाग जोडून आपला रोबो जुळवण्यात आहे. जड तोफा हव्यात? मग पाय तेवढं वजन पेलणारे लागणार, जनरेटरही पुरायला हवा, आणि वेग गेलाच. बाल्टियस या तगड्या शत्रूपुढे अडलेल्यांनी आधी सुटे भाग बदलून बघावेत, हरल्यावर मोहीम जिथून पुन्हा सुरू होते त्या चेकपॉइंटवरूनही बदलता येतात. मालिकेतल्या जुन्या गेममध्ये दारूगोळा आणि दुरुस्तीचा खर्च मोबदल्यातून असा कापायचे की मोहीम फत्ते होऊनही खिसा रिकामा. आताही कापतात म्हणा, पण चणचण फारशी जाणवत नाही. मला तर ती चणचणच आवडायची.